पांढरा प्लग

हे माझ्या भावाच्या बाबतीत घडलं. अर्धं तर माझ्या डोळ्यांदेखत.

मी जुट्टा ऊलिग. वय चोपन्न. सॅक्सनीच्या डोंगरात, चेक सीमेच्या अलीकडे आमचं लाउटरग्रुंड नावाचं छोटं गाव आहे. मोटरसायकलच्या कारखान्यात मी पंधरा वर्षं काढली. कारखाना बंद पडला, पण माझे हात थांबले नाहीत. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या मी आजही खोलते आणि जोडते.

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जायचे. आता बसून राहते.

ज्यांना खोटं वाटेल त्यांच्यासाठी तारीख, वेळ सगळं सांगते. ८ ऑगस्ट २०१०. रविवार. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं.

लख्ख ऊन होतं. रात्र नव्हती, वादळ नव्हतं. रस्त्याच्या कडेला पाचसहाशे माणसं सॉसेज खात उभी होती.

आणि तरीही...

पण सुरुवात मार्चपासून करावी लागेल. लोथार इलिंग मेला तेव्हापासून.

इलिंग आमच्या वरच्याच गल्लीत राहायचा. पिस्टन ओतण्याच्या कारखान्यात कामाला होता. त्याला एकच मुलगी, रामोना. तिचं आणि माझा धाकटा भाऊ फाल्क याचं लग्न ठरलं होतं.

१७ जून १९८४ ला दोघं गाडीवरून तळ्यावर निघाले होते. गावाबाहेर दरीत एक सरळ रस्ता आहे, दोन्ही बाजूंना लिंडनची झाडं. तिथे इंजिन सीज झालं, पिस्टन आत अडकून बसला.

टू-स्ट्रोक चालवणाऱ्याची डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर असतात. पिस्टन कधी अडकेल याचा भरवसा नसतो. अडकला की मागचं चाक जागच्या जागी थांबतं. त्याच क्षणी क्लच ओढला तर वाचलात.

फाल्कचा डावा हात हँडलवर नव्हता. रामोनाने मागून त्याच्या कमरेला विळखा घातला होता. त्याने तिच्या हातावर आपला हात ठेवला होता.

ती झाडावर आदळली. जागेवरच गेली.

फाल्कने पोलिसांना सगळं खरं सांगितलं. हाताचंसुद्धा. वर्षभर त्याला गाडी चालवायची बंदी झाली. गावाने त्याला जन्माची शिक्षा दिली.

दफनाच्या दिवशी, पाद्रीबाबांसमोर, इलिंगने फाल्कचं डावं मनगट धरलं. शांतपणे म्हणाला, "हा हात आता माझा. लक्षात ठेव."

सव्वीस वर्षं त्याने ते विसरू दिलं नाही.

दर सतरा जूनला तो आमच्या फाटकाशी येऊन उभा राहायचा. एक शब्द नाही. फक्त हाताकडे बघायचा. बेकरीत फाल्क दिसला की पाववालीला मोठ्याने सांगायचा, "त्याच्या उजव्या हातात दे गं. डावा काही कामाचा नाही त्याचा."

फाल्कने लग्न केलं नाही. गाडी मात्र सोडली नाही. जुन्या गाड्यांच्या शर्यतींत तो उतरायचा, गाडी मी तयार करायचे. एकदा मी विचारलं, कशासाठी हे? म्हणाला, "गाडीवर असलो की ती मागे बसलीय असं वाटतं."

मार्चमध्ये इलिंग गेला. मी दफनाला गेले. फाल्क कबरस्तानाच्या फाटकाबाहेर थांबला.

"सुटलो," तो म्हणाला.

त्याच्या पुढच्याच रविवारी...

सकाळी फाल्कने शेडचं कुलूप काढलं आणि मला हाक मारली. "जुट्टा, केबल सोडून ठेवलीयस का?"

क्लचची लिव्हर हँडलला टेकली होती. ओढून काही उपयोग नव्हता. केबलचा ताण धरणारा स्क्रू पार शेवटपर्यंत सैल केलेला.

"मी हातसुद्धा लावलेला नाही," मी म्हटलं.

"मग उंदरांनी पाना चालवला वाटतं."

मी केबल ताणली. नट घट्ट केला. शेडची किल्ली एकच, ती फाल्कच्या खिशात.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच.

तेव्हा मी शहाणपणा केला. नट आवळला आणि नटावरून लिव्हरच्या धातूपर्यंत लाल रंगाची बारीक रेघ ओढली. कारखान्यात आम्ही असंच करायचो. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते.

तिसऱ्या रविवारी फाल्ककडून किल्ली घेऊन मी स्वतः दार उघडलं.

लिव्हर लोंबत होती. केबल सैल.

मी वाकून बघितलं...

लाल रेघ जशीच्या तशी होती.

फाल्क हसला. "केबल जुनी आहे, ताणली गेली असेल." मी मान डोलावली. केबल नवी कोरी होती. मीच बदलली होती.

मे महिन्यात आम्ही गाडी चाचणीसाठी दरीतल्या त्याच रस्त्यावर नेली. दुसरा सरळ रस्ताच नाही आमच्याकडे.

यात करायचं एवढंच असतं. गाडी पूर्ण वेगात न्यायची, एकदम क्लच ओढून इंजिन बंद करायचं, गाडी आपोआप थांबू द्यायची आणि स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघायचा. काळा असेल तर पेट्रोल जास्त. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर उत्तम. पांढरा असेल तर पेट्रोल कमी पडतंय, आत भट्टी पेटलीय, इंजिन आता सीज होणार.

सकाळचे नऊ वाजले होते. मी त्या रस्त्याच्या मध्यावर, कडेला उभी होते. फाल्क लांबून आला, माझ्या पुढून गेला, आणि त्याने इंजिन बंद केलं. गाडी घरंगळत लांब जाऊन थांबली. तो उतरला. हेल्मेट काढलं.

पण आवाज...

आवाज थांबला नव्हता.

झाडांच्या रांगेतून इंजिनाचा आवाज येतच होता. माझ्या मागून. वळून बघितलं, रस्ता मोकळा. तो आवाज माझ्या अंगावरून गेला. वारा लागला नाही, धूर आला नाही. नुसता आवाज. फाल्क उभा होता तिथपर्यंत गेला...

आणि तिथे बंद झाला.

"तू ऐकलंस?" मी धावत जाऊन विचारलं.

"काय?"

मी प्लग काढला.

प्लग पांढरा होता. खडूसारखा.

मला घाम फुटला. या इंजिनाला पेट्रोल कमी पडणं शक्य नव्हतं. मी मुद्दाम जास्तीचं ठेवलं होतं. सायलेन्सरमधून काळं ओलं तेल ठिबकत होतं, म्हणजे तेल मिसळलेलं पेट्रोल जास्तच जात होतं. एकाच इंजिनात ओलं आणि कोरडं एकत्र कसं असेल?

मी कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी छोटी तोटी, बदलला, आणखी मोठ्या भोकाचा बसवला. फाल्कने परत फेरी मारली.

पुन्हा पांढरा.

"प्लगच खराब दिसतोय," फाल्क म्हणाला. "चल, कॉफी पिऊ."

इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी. मी ती सव्वीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

१९८४ साली ते इंजिन सीज झालं, ते माझ्यामुळे.

पुढच्या आठवड्यात शर्यत होती. पेट्रोल थोडं कमी केलं की टू-स्ट्रोक चपळ पळतं. बघू तरी, म्हणून शनिवारी मी एक नंबर लहान जेट बसवला. रविवारी दुपारी काढणार होते. रात्री मैत्रिणीच्या लग्नात नाचायला गेले, सकाळी उशिरा उठले.

गाडी अंगणात नव्हती.

अपघातानंतर मोडकी गाडी आमच्याच अंगणात आणून टाकली. तपासनीस दुसऱ्या दिवशी येणार होता. मी तो लहान जेट काढला, जुना परत लावला आणि लहान जेट नदीत फेकला.

फाल्क म्हणत राहिला, चूक माझ्या हाताची. मी त्याला म्हणू दिलं.

आता तुम्हाला कळेल, मला घाम का फुटला.

जुलैत इलिंगची बायको, एल्फ्रीडे इलिंग, दुकानात भेटली. चौऱ्याहत्तर वर्षांची, काठीसारखी ताठ. माझ्या टोपलीत बघत म्हणाली, "भाऊ अजून गाडी फिरवतो म्हणे?"

"फिरवतो, इलिंगबाई."

"फिरवू दे," ती म्हणाली. "फिरवायलाच हवी."

आठ ऑगस्ट उजाडला.

शर्यत शेजारच्या गावाच्या रस्त्यांवर होती. दिवसभर रस्ते बंद करतात, वळणांवर गवताचे भारे लावतात. क्लचची केबल मी सकाळी तीन वेळा तपासली. कडक होती. प्लग नवा घातला. तरीही फाल्क हातमोजे घालायला लागला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आज नको जाऊस."

"का? इंजिनात काही आहे?"

"नाही."

"मग?"

सांगता आलं असतं. तेवढा वेळ होता. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"प्लग दोनदा पांढरा आला होता," मी म्हटलं.

"त्याला दोन-तीन महिने झाले, जुट्टा. आणि पाइपमधून तेल गळत होतं, तूच दाखवलंस." त्याने हेल्मेटची पट्टी लावली. "तू जोडलेल्या इंजिनावर मी डोळे मिटून बसतो. बाकी कुणाच्या नाही."

तो गेला.

पहिली फेरी. दुसरी फेरी. वीस गाड्यांतून फाल्कची गाडी मी कानाने ओळखते. टेकडीमागे ती दिसत नाही, पण कुठे आहे ते मला कळतं. पूल... चढण... लाकडाची वखार...

तिसऱ्या फेरीत आवाज बदलला.

बारीक झाला. स्वच्छ झाला. गोड झाला.

बाजूचा एक म्हातारा खूश होऊन म्हणाला, "वा! काय गातेय पोरगी!"

टू-स्ट्रोक मरायच्या आधी सगळ्यात सुरेख गातं.

"थांबवा!" मी ओरडले. "लाल झेंडा दाखवा! थांबवा त्याला!"

"काय झालं बाई?"

आणि आवाज तुटला.

हळूहळू नाही. सुरीने कापावा तसा.

बाकीच्या गाड्या एकेक करून माझ्या समोरून गेल्या. मी मोजत होते. एकोणीस...

विसावी आली नाही.

फाल्क वखारीच्या वळणावर गवताच्या भाऱ्यांत पडला होता. भारे नसते तर संपलं होतं. गळपट्टीचं हाड मोडलं होतं, खुबा मोडला होता, पण शुद्धीवर होता. रुग्णवाहिकेत मी त्याच्याजवळ बसले.

"मी क्लच ओढत होतो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "या वेळी बोटं क्लचवरच होती, जुट्टा. देवाशप्पथ."

"मला माहीत आहे. बोलू नकोस."

"बोटं मिटेनात. खाली कुणाची तरी बोटं होती... माझ्या बोटांच्या आणि लिव्हरच्या मधे."

मी त्याच्या अंगावरचं पांघरूण सरळ केलं.

"गार होती. खरखरीत." त्याचे डोळे मोठे झाले. "मग त्यांनी माझी मूठ धरली. अजून धरलीय. बघ ना."

त्याची डावी मूठ आवळलेली होती. हॉस्पिटलात डॉक्टरांना हातमोजा कापावा लागला. मूठ उघडायला दीड तास लागला. आत दोन बोटांची हाडं मोडलेली.

"हँडल आणि रस्ता यांच्यामधे हात चेंगरला असणार," डॉक्टर म्हणाले.

तो मोजा माझ्याकडे आहे. कापलेला भाग सोडला तर त्यावर एक ओरखडा नाही.

पाच दिवसांनी गाडी घरी आली. मी शेडचं दार आतून लावून इंजिन खोललं. सीज झालेला पिस्टन ओळखू येतो. तो खरवडलेला असतो, धातू वितळून चिकटलेला असतो.

पिस्टन आरशासारखा होता.

तेलाने ओला. एका बोटाने ढकलला तर वरखाली सरकत होता.

ते इंजिन सीज झालंच नव्हतं.

पण मागच्या टायरवर एके ठिकाणी तळहाताएवढा भाग घासून सपाट झाला होता. म्हणजे चाक थांबलं होतं. पूर्ण वेगात, जागच्या जागी.

कशाने?

मी हात धुतले आणि तशीच वरच्या गल्लीत गेले.

एल्फ्रीडे इलिंगने दार उघडलं. आत ये म्हणाली नाही. "उभ्यानेच बोल."

मी सगळं सांगितलं. लहान जेट, लग्नातला नाच, नदी, सगळं. सव्वीस वर्षं जे घशात होतं ते पाच मिनिटांत संपलं. मला वाटलं ती किंचाळेल. मारेल.

ती आत गेली. परत आली. मूठ उघडून माझ्यासमोर धरली.

तळहातावर एक जुना प्लग होता. पांढरा.

"अपघाताच्या जागी पोलिसांच्या आधी ते पोचले होते," ती म्हणाली. "पोरीच्या अंगावर आपला कोट घातला, आणि मग हा काढला. गरम होता, हात भाजला त्यांचा. पिस्टन ओतणारा माणूस तो. त्याला काय रंग कळत नव्हता?"

"म्हणजे... त्यांना माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. गावात त्या गाडीला तुझ्याशिवाय कोण हात लावायचं?"

"मग पोलिसांना का नाही दिला?"

"दिला असता तर दोन वर्षं तुरुंगात बसून तू सुटली असतीस." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "ते म्हणायचे, तिला येऊ दे. आपल्या पायांनी येऊ दे. दर सतरा जूनला तुमच्या फाटकाशी कशाला येत होते? तुझा भाऊ मान खाली घालायचा. तू खिडकीतून बघायचीस. पडद्यामागून."

मी तिच्या हातातल्या प्लगकडे बघितलं.

"पण शिक्षा फाल्कला का?" मी कशीबशी म्हणाले. "त्याने काय केलं?"

"रामोनाने काय केलं होतं?"

ती दार लावायला लागली. मी दारात पाय घातला.

"इलिंगबाई, मी आले ना आता. सांगितलं ना. आता थांबेल का हे?"

तिने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा तिचा चेहरा जरा हलला.

"मला काय विचारतेस? जिवंतपणी तरी त्यांनी माझं कधी ऐकलं?"

दार बंद झालं.

त्याच संध्याकाळी मी हॉस्पिटलात जाऊन फाल्कला सांगितलं. तो छताकडे बघत ऐकत होता. डावा हात प्लास्टरमध्ये, छातीवर.

"मी क्लच ओढला असता तर ती वाचली असती का?" त्याने विचारलं.

"कदाचित. माहीत नाही. पण ते इंजिन सीज व्हायला नको होतं. ते मी केलं."

नर्स येऊन ताप बघून गेली.

"सव्वीस वर्षं," तो म्हणाला. "सव्वीस वर्षं तो म्हातारा माझ्या हाताकडे बघत होता. आणि तू समोर बसून मला सूप वाढत होतीस."

"फाल्क..."

"निघ."

मी निघाले.

तो घरी परतला नाही. जिल्ह्याच्या गावात खोली घेतली, एका मित्राला पाठवून गाडी आणि हत्यारं नेली. नाताळला मी केक पाठवला. परत आला. एल्फ्रीडे इलिंग जानेवारीत गेली. मी दफनाला गेले, सगळ्यात मागे उभी राहिले.

यंदा एप्रिलमध्ये, रविवारी दुपारी, फोन वाजला.

"मी बोलतोय," फाल्क म्हणाला.

मला रडूच आलं. तो म्हणाला, हात आता बरा आहे, दोन बोटं वाकत नाहीत. म्हणाला, राग गेलेला नाही, पण बोलावंसं वाटलं. ईस्टरला येऊ का?

"ये," मी म्हटलं. "आधी ते इंजिन बंद कर. नीट ऐकू येत नाहीये. आणि त्याला पेट्रोल कमी पडतंय, कळत नाही का तुला? सीज होईल."

पलीकडे शांतता झाली.

म्हणजे फाल्क शांत झाला. इंजिन चालूच होतं.

"कसलं इंजिन?" तो म्हणाला. "मी स्वयंपाकघरात बसलोय, जुट्टा. गाडी मी मार्चमध्येच विकली."

मी त्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता तिथून निघ. कारण विचारू नकोस. बसने ये.

तो आला. आता माझ्याकडेच राहतो. त्याला काहीही झालेलं नाही. सकाळी फिरायला जातो, बागेत बटाटे लावतो, नीट झोपतो.

मी त्याला विचारलंय. एकदा नाही, अनेकदा. भर दुपारी, खिडकी उघडून, त्याचा दंड धरून विचारलंय.

त्याला काही ऐकू येत नाही.

मला येतं. रोज. आणि रोज थोडं जवळून.